बाळाचे दूध ओकणे आणि बाळंतिणीचे ताट

“माझ्या खाण्यामुळेच बाळ दूध ओकते का?” सांगलीत माझ्याकडे येणाऱ्या अनेक बाळंतिणी हा प्रश्न विचारतात, आणि बहुधा विचारण्याआधीच त्यांनी स्वतःला दोषी ठरवलेले असते. काही महिन्यांपूर्वी तासगावकडच्या माहेरी बाळंतपणासाठी आलेली एक तरुणी आईसोबत आली होती (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). बाळ सात आठवड्यांचे होते. प्रत्येक वेळी पाजल्यावर ते थोडे दूध बाहेर टाकी, कधी दह्यासारखे फुटलेले. शेजारणीने हरभऱ्याची डाळ बंद करायला सांगितली, मावशीने शेंगदाणे, सासूबाईंनी फोनवरून पालेभाज्या; शेवटी तिच्या ताटात भाकरी आणि दोडक्याची भाजी एवढेच उरले होते.

मी आधी धोक्याच्या खुणा विचारल्या. उलटी हिरवी आहे का, पिचकारीसारखी जोरात होते का, तीत रक्त दिसते का, लघवी कमी झाली आहे का, ताप आहे का? यांतले एकही उत्तर ‘हो’ असते, तर मी त्यांना बसवून न घेता थेट बालरोगतज्ज्ञांकडे पाठवले असते. सुदैवाने तसे काही नव्हते. माता-बाल संरक्षण कार्डावर जन्माचे वजन २ किलो ८०० ग्रॅम होते आणि आता ते ४ किलोवर गेले होते. अन्ननलिका व जठर यांच्यामधली झडप या वयात पुरती घट्ट मिटत नाही, म्हणून दूध वर येते. चौथ्या महिन्याच्या सुमारास हे सर्वाधिक असते आणि वर्षभरात बहुतेक बाळांचे थांबते. मी तिला थोडे थोडे पाजण्यास, मध्येच ढेकर काढण्यास आणि पाजल्यानंतर वीस-तीस मिनिटे बाळाला उभे धरण्यास सांगितले. झोपवायचे मात्र पाठीवरच आणि सपाट अंथरुणावर. उशीचा उतार करायचा नाही, हे आजीला दोनदा सांगावे लागले.

परंतु बाळाच्या गालांवर खरबरीत लाल चट्टे होते आणि शीमध्ये अधूनमधून आव दिसत असे. त्यामुळे बालरोगतज्ज्ञांनी गाईच्या दुधातील प्रथिनांची ॲलर्जी तपासायचे ठरवले. इथे एक गल्लत नेहमी होते. लॅक्टोज ही साखर आईच्या दुधात मुळातच असते, आईने दूध सोडले तरी ती कमी होत नाही. आईच्या आहारातून बाळापर्यंत पोहोचतात ती प्रथिने. म्हशीच्या दुधातील प्रथिने गाईच्या दुधासारखीच असल्याने ‘म्हशीचे चालेल’ हा आजीचा तोडगाही टिकला नाही. तीन आठवडे दूध, दही, ताक, पेढे, दूध पावडरची बिस्किटे आणि साजूक तुपातले डिंकाचे लाडूसुद्धा बंद झाले. डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. डाळ, शेंगदाणे, पालेभाज्या मात्र त्याच दिवशी ताटात परतल्या.

तिसऱ्या आठवड्यात चट्टे फिके झाले, आव दिसेनाशी झाली. घरच्यांनी दूध कायमचे सोडायचे ठरवूनही टाकले. मला मात्र पुढची पायरी अधिक महत्त्वाची वाटते आणि नेमकी तीच बहुतेक घरे गाळतात: डॉक्टरांच्या सल्ल्याने दूध पुन्हा सुरू करून पाहणे. भीतीपोटी तिने दोनदा टाळले. अखेर चहात दूध घातले, मग वाटीभर दही घेतले. आईने रोज वहीत नोंद ठेवली. दोन आठवड्यांत ना चट्टे आले, ना आव. म्हणजे सुधारणा आपोआप झाली होती. दुधाशी तिचा संबंध नव्हता.

ओकणे मात्र चालूच राहिले आणि बाळ बसू लागल्यावर हळूहळू कमी झाले. शेवटच्या भेटीत तिच्या खांद्यावर तेव्हाही कापड होते, आणि डब्यात डिंकाचे लाडू.