आधी कार्डाची थकबाकी, मग बाकीचं

रत्नागिरीत खोली घेऊन एकटं राहताना कर्ज अंगावर आलं म्हणून घाबरू नकोस. पण पहिलं काम खर्च कापण्याचं नाही. कुठलं कर्ज किती व्याजाचं आहे, ते कागदावर मांड. क्रेडिट कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के असेल, तर ५०,००० थकबाकीवर १,७५० रुपये नुसतं व्याज, वर त्यावर १८ टक्के जीएसटी. ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलावरची किमान रक्कम, तेवढीच भरून मुद्दल जेमतेम हलतं. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. म्हणून कार्ड आजच घरात ठेव, रोख वापर, आणि हाताशी उरेल तो पैसा आधी कार्डाच्या थकबाकीत भर. बाकीच्या कर्जांचे हप्ते मात्र वेळेवर जाऊ देत.

आता पोटाचं. एकट्या माणसाचा बराच पैसा बाहेरच्या जेवणात जातो, हे मी ठामपणे सांगतो. सुरमई-पापलेट काही महिने विसर. बांगडा, तारली स्वस्त मिळाली की घे. जून-जुलैत मासेमारी बंद, ताजी मासळी महाग. तेव्हासाठी सुकट आणि सुके बोंबील उन्हाळ्यातच भरून ठेव. कुळथाची पिठी आणि भात पंधरा-वीस मिनिटांत होतो, रात्री दमून आलास तरी जमतो. दूध, वीज यांत फार कातरत बसू नकोस.

गणपतीचा खर्च मात्र आतापासून वेगळा काढ. वर्गणी, नैवेद्य, पाहुणे, सगळं त्यात धर. घरच्यांना कर्जाचं आधीच सांग, म्हणजे सणात हात आखडता घेतलास तरी कुणाला वाईट वाटणार नाही.