पेरॉक्सिझोम नव्याने वाचतेस? मग एवढंच धर

अगं, पेरॉक्सिझोम म्हणजे पेशीतली एक छोटी पिशवी; ती घडवणाऱ्या नि चालवणाऱ्या पेक्स प्रथिनांची अख्खी यादी पाठ करून राहिलीस ना? ठेव ती बाजूला. नागपूरच्या मे महिन्यात एवढी डोकेफोड नको. सुरुवातीला पेक्स-५ पुरे.

इतवारीतला हमाल डोळ्यांपुढे आण. पोतं उचलतो, गोदामात टाकतो, रिकामा परततो. पेक्स-५ चं काम तेच: पोतं म्हणजे प्रथिन, गोदाम म्हणजे पेरॉक्सिझोम. पोत्यावरची खूण म्हणजे प्रथिनाच्या शेपटाची तीन अमिनो आम्लं, बहुधा सेरीन, लायसिन, ल्युसिन. १९८० च्या दशकात ती सापडली काजव्याला चमकवणाऱ्या ल्युसिफरेज या प्रथिनात. काजव्यात! मला अजून मौज वाटते.

नवखे इथे चुकतात:

- मायटोकॉन्ड्रियात जातं तसं प्रथिन उलगडून आत जातं असं लिहितात. इथे घडी घातलेलं, कधी जोडीदारांसकट जातं. खूण लावलेले ९ नॅनोमीटरचे सोन्याचे कणही गेलेत.
- माल कुठे गेला ते दिसावं म्हणून जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) शेपटाकडे जोडतात. खूण झाकली जाते, सगळी पेशी हिरवी! माझे दोन महिने असेच गेले बाप्पा. जीएफपी पुढच्या टोकाला लाव.
- एटीपी (पेशीचं इंधन) माल आत ओढायला लागतं समजतात. ते लागतं हमालाला बाहेर काढायला.

पेक्स-७ (दुसऱ्या खुणेचा हमाल) आणि युबिक्विटिन (हमालाला बाहेर काढण्यासाठी त्याला चिकटवतात ते छोटं प्रथिन) नंतर बघू. आधी ही फेरी कागदावर काढून मला दाखव.