बाहा कॅलिफोर्नियाला पहिल्यांदा जाताय? मग हे वाचा

बाहा कॅलिफोर्निया हे मेक्सिकोचं लांबट द्वीपकल्प. त्याच्या उत्तर टोकाच्या तिहुआनापासून दक्षिण टोकाच्या काबो सान लुकासपर्यंतचा हायवे १ साधारण १,७०० किलोमीटरचा आहे. नकाशावर चार दिवसांत होईल असं वाटतं, पण तुम्ही किमान दहा दिवस काढा. एवढे दिवस नसतील तर वाटेतल्या मुलेहे गावापर्यंत जाऊन परत या.

सगळ्यात महत्त्वाचं पेट्रोल. वाटेतल्या एल रोसारिओ गावात टाकी काठोकाठ भरा, अर्धी असली तरी भराच. पुढे तीनशेहून जास्त किलोमीटर खात्रीचा पंप नाही. कातावीन्याला रस्त्याकडेला पिंपातून विकतात, पण त्या भरवशावर निघू नका.

अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, हे मात्र माझं ऐकाच. रस्ता अरुंद, बऱ्याच ठिकाणी कडेला उतरायला जागाच नाही, आणि रात्री गुरं ऊब घ्यायला डांबरावर येतात. काळी गाय दिसते तोवर उशीर झालेला असतो.

अमेरिकेतून गाडी नेत असाल तर गाडीचा तिथला विमा मेक्सिकोत चालत नाही, मेक्सिकोचा वेगळा घ्या. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही, पण सीमेवर थांबून प्रवेशाचा परवाना घ्यायला विसरू नका.

पाणी माणशी रोज चार लिटर तरी. स्टेपनीत हवा आहे ना, बघून घ्या. वाळूत उतरताना चाकांतली हवा कमी करा, म्हणजे पुन्हा हवा भरायला हातपंपही सोबत ठेवा.

जमलं तर फेब्रुवारीत जा. सान इग्नासिओच्या खाडीत करडे देवमासे पिल्लांसकट होडीजवळ येतात.