जुना डिझेल ट्रक सकाळी चालू होऊन लगेच बंद का पडतो?
सेल्फ जोमात फिरतोय, इंजिन पेटतं आणि अर्ध्या मिनिटात बंद पडतं, तर बहुतेक वेळा डिझेल लाइनने एअर पकडलेली असते. बॅटरीच्या मागे लागू नका. डिझेल फिल्टरवरचा ब्लीडिंग स्क्रू (हवा बाहेर काढायचा) दोन आटे सैल करून फीड पंपाचा, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाचा, हँड प्रायमर (हाताने दाबायचा दट्ट्या) मारत राहा. आधी फेस येईल. बुडबुडे थांबून सलग धार लागली की प्रायमर दाबलेला असतानाच स्क्रू आवळा. मग तेच इंजेक्शन पंपावर, म्हणजे इंजेक्टरना दाबाने डिझेल देणाऱ्या पंपावर.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच? मग टाकी ते फीड पंप ही बाजू बघा. इथे इंजिन चालू असताना डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते, म्हणून सगळं कोरडं दिसतं आणि माणूस फसतो. बॅन्जो बोल्टचे (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर नवे टाका, चिरलेला रबरी पाइप बदला. जुन्याच वॉशरवर जोर काढलात तर बोल्ट तुटेल.