भिशीचे पन्नास हजार आणि अडकणारा व्हिडिओ

प्रश्न (वडगाव, बेळगाव): उद्यमबागेत नोकरीला आहे, हातात ३४,००० येतात. वीस जणांच्या, महिना २,५०० च्या भिशीत सहावी चिठ्ठी माझी निघाली, ५०,००० मिळाले. मुलीच्या लग्नाचा फोरके व्हिडिओ जुन्या पीसीवरून (चौथ्या पिढीचा आय-थ्री, विंडोज १०) ४३ इंची फोरके टीव्हीवर लावला की अडकत चालतो. दुकानदाराने ग्राफिक्स कार्डासह होम थिएटर पीसीचं ५८,००० चं कोटेशन दिलंय. वरचे ८,००० क्रेडिट कार्डावर टाकेन. पीसी दिवसरात्र चालू ठेवून घरातल्या मोबाइलवरही पिक्चर दाखवायचे आहेत. गृहज्योतीमुळे (कर्नाटक सरकारची मोफत विजेची योजना) बिल शून्य येतं, वापर १६५ युनिट. घेऊ का?

उत्तर: आत्ता नको. भिशी लागली म्हणजे पन्नास हजार कमावले असं नव्हे. सहा हप्त्यांचे १५,००० तुमचे, उरलेले ३५,००० इतर सभासदांचे. ते चौदा महिने तुम्ही फेडणार आहात. हे ३५,००० बँकेत वेगळ्या खात्यात ठेवा आणि हप्ता तिथूनच जाऊ द्या. म्हणजे पीसीचं बजेट १५,०००. कार्डाला हात लावू नका. 'मिनिमम ड्यू' भरत बसलात तर त्या आठ हजारांवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागेल.

आता रोग काय ते बघू, कारण कोटेशन रोग न बघताच दिलेलं दिसतंय. व्हिडिओ चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स उघडा. सीपीयू शंभर टक्क्यांना टेकला असेल, तर फाइल उलगडण्याचं सगळं काम प्रोसेसरवर पडतंय. फोरके व्हिडिओ बऱ्याचदा एचईव्हीसी (एच.२६५) या पद्धतीने दाबून साठवलेला असतो, आणि चौथ्या पिढीच्या इंटेलमध्ये तो उलगडणारा वेगळा भाग, म्हणजे हार्डवेअर डिकोडर, नाहीच. दहा-बिट (जास्त रंगछटांची) एचईव्हीसी नीट चालते ती सातव्या पिढीपासून. सीपीयू वीस-तीस टक्क्यांवर असूनही चित्र झटके देत असेल, तर गोष्ट वेगळी. आपल्याकडचे लग्नाचे व्हिडिओ बहुधा सेकंदाला २५ फ्रेमचे असतात आणि टीव्ही ६० किंवा ३० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा चित्र बदलणारा. साठाला किंवा तिसाला पंचविसाने पूर्ण भाग जात नाही, म्हणून काही फ्रेम इतरांपेक्षा जास्त वेळा दिसतात. विंडोजच्या सेटिंग्जमधल्या अॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये ५० हर्ट्झ निवडा. तुमच्या पीसीचा एचडीएमआय जुना १.४ आहे, फोरकेला ३० हर्ट्झच्या वर जात नाही. म्हणून रिझोल्यूशन १०८० वर आणा, मग ५० चा पर्याय दिसेल.

पैसे खर्च न करता आणखी एक करून बघा: पीसी बाजूला ठेवा आणि फाइल पेन ड्राइव्हवरून थेट टीव्हीला लावा. बहुतेक फोरके टीव्हींत एचईव्हीसीचा डिकोडर असतोच. पेन ड्राइव्ह फॅट-३२ फॉरमॅटचा असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल त्यात बसणार नाही; एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, टीव्हीला ते वाचता आलं नाही तर एनटीएफएस. चित्र आलं पण आवाज नाही, असं झालं तर ऑडिओ डीटीएस (बऱ्याच टीव्हींना न वाचता येणारा प्रकार) असण्याची शक्यता मोठी.

टीव्हीनेही नाकारलं तर व्हीएलसी प्लेअरमध्ये कंट्रोल आणि जे दाबून कोडेकची, म्हणजे फाइल कशी दाबलीय याची, माहिती वाचा. तिथे ४:२:२ (रंगाची माहिती जास्त ठेवणारा प्रकार) दिसलं, तर व्हिडिओवाल्याने तुम्हाला कॅमेऱ्याच्या मूळ ढंगातली फाइल दिलीय. ती बहुतेक ग्राफिक्स कार्डांनाही झेपत नाही, म्हणजे ५८,००० घालूनही लग्न अडकतच राहण्याची शक्यता होती! त्याच्याकडून जुन्या मशिनांनाही झेपणारी एच.२६४, आठ-बिट, ४:२:० कॉपी मागा. त्याने टाळाटाळ केली तर हँडब्रेक हे फुकटचं सॉफ्टवेअर घ्या, १०८० ला आरएफ (दर्जाचा आकडा) २० ठेवून रात्रभर लावून द्या. मूळ फाइल मात्र पुसू नका.

वीज हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महाग भाग आहे, आणि दुकानदार तो सांगणार नाही. कार्डवाला पीसी नुसता चालू असताना ६० वॅट धरला, तरी महिन्याला ४३ युनिट होतात. १६५ अधिक ४३ म्हणजे २०८. गृहज्योतीत २०० ओलांडले की हेस्कॉमचं (तुमच्याकडच्या वीज कंपनीचं) बिल पूर्ण भरावं लागतं, फक्त वरच्या आठ युनिटांचं नव्हे. दोनशेच्या आत राहूनही २०२२-२३ च्या तुमच्या सरासरीच्या १० टक्के वर गेलात, तर त्या जादा युनिटांचे पैसे पडतात. बिलावर पात्र युनिट छापलेले असतात, आज बघून ठेवा. इंटेलच्या एन-१०० चिपचा मिनी पीसी १२ वॅटच्या आसपास धरला, तर दिवसरात्र चालवूनही नऊ युनिटांच्या आत.

हा मिनी पीसी एचईव्हीसी दहा-बिट आणि त्याहून नवी एव्ही-१ पद्धत, दोन्ही हार्डवेअरवर चालवतो. बिलासह, एचडीएमआय २.० लिहिलेला मिनी पीसी १५,००० च्या आत मिळाला तर घ्या. नाही मिळाला तर थांबा. ओटीटीसाठी पीसी नकोच, ब्राउझरमध्ये बऱ्याचदा रिझोल्यूशन कमी मिळतं. टीव्हीचं अॅप बरं. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलेत, म्हणून जुन्या पीसीवर बँकेचं काम करू नका.

जुन्या पीसीतच कार्ड टाकायचं ठरवलंत तर जीटी १०३० मागा. 'तेच हो, थोडं स्वस्त' म्हणून कोणी जीटी ७१० पुढे केलं तर घेऊ नका. त्यातही एचईव्हीसीचा डिकोडर नाही.