नेपल्सला जहाज सुटलं, भरपाई कोणाकडे मागायची?

प्रश्न : आम्ही डोंबिवलीचे. मी, पत्नी आणि माझे 74 वर्षांचे वडील गेल्या ऑक्टोबरात मुंबईच्या एका टूर कंपनीतर्फे भूमध्य समुद्रातल्या क्रूझला गेलो. बार्सिलोना, मार्से, जिनोआ, नेपल्स, मेसिना, माल्टा असा मार्ग होता. तिघांचे विमानासकट 6,90,000 रुपये भरले. नेपल्सला जहाजाची पाँपेईची सहल फार महाग वाटली, म्हणून आम्ही लोकल ट्रेनने आपले आपणच जाऊन आलो. कंपनीने दिलेल्या कार्यक्रमपत्रिकेत जहाज रात्री 8 ला सुटणार होतं. त्या दिवशी सकाळी कंपनीच्या टूर असिस्टंटनेही ग्रुपवर मराठीत लिहिलं, ‘जहाज 8 ला सुटेल, साडेसातपर्यंत परत या.’ प्रत्यक्षात जहाजाने आदल्या रात्रीच वेळ बदलून संध्याकाळी 6 केली होती. आम्ही पावणेसातला निवांत पोचलो, तर धक्का रिकामा. बंदरातल्या एजंटने आमचे पासपोर्ट हातात ठेवले. जहाजवाल्यांनी केबिनमधली आमची तिजोरी आम्हाला न विचारता उघडली होती! रात्र हॉटेलात काढून दुसऱ्या दिवशी ट्रेनने मेसिना गाठलं आणि तिथे पुन्हा जहाजावर चढलो. 68,000 रुपये खर्च झाला. टूर कंपनी म्हणते, ‘बंदरावर स्वतंत्र फिरणाऱ्याची जबाबदारी त्याची, तुम्ही सही केली आहे. शिवाय आम्ही फक्त एजंट.’ विमा कंपनीनेही दावा फेटाळला. जहाज कंपनी, टूर कंपनी आणि विमा कंपनी अशा तिघांवर केस करून पूर्ण पैसे आणि मानसिक त्रासाचे 5 लाख मागायचे आहेत. इटलीत असं राहिल्यामुळे पुढच्या व्हिसाला अडचण येईल का, तेही सांगावे.

उत्तर : नमस्कार. तुम्ही पाठवलेली कागदपत्रं आणि फोटो नीट पाहिले. तिघांवर केस करू नका. एकावर करा, आणि तीही बेताच्या रकमेची.

आधी जहाज कंपनी. तिकिटाच्या अटी वाचल्यात तर दिसेल की ठरलेल्या वेळेआधी जहाजावर हजर राहण्याची जबाबदारी सर्वस्वी प्रवाशाची आहे. ही अट जवळपास प्रत्येक क्रूझच्या तिकिटात असते. जहाजाच्या स्वतःच्या सहलीची बस अडकली तर जहाज थांबतं किंवा प्रवाशांना पुढच्या बंदरापर्यंत पोचवतं, कारण ती सहल त्यांनीच विकलेली असते. महागड्या सहलीच्या पैशांत या हमीचेही पैसे असतात. आपले आपण फिरणाऱ्याला ती हमी नाही. जहाजाला धक्क्याची जागा ठराविक वेळेपुरती मिळालेली असते, जहाजाला वाट दाखवत बंदराबाहेर नेणारा बंदराचा पायलट त्या वेळेला बोलावलेला असतो. तिघांसाठी कॅप्टन हे सगळं अडवून ठेवत नाही, आणि कायदाही त्याच्याकडून तशी अपेक्षा करत नाही. मार्च 2024 मध्ये ‘नॉर्वेजियन डॉन’ हे जहाज खासगी सहलीला गेलेल्या आठ प्रवाशांना साओ टोमे या आफ्रिकी बेटावर सोडून निघून गेलं. त्यांचेही पासपोर्ट बंदरातल्या एजंटकडे ठेवलेले होते. ती मंडळी देशोदेशी वळसे घालत शेवटी सेनेगलमध्ये जहाजावर चढली. त्यांच्या मानाने तुमचं मेसिना जवळच म्हणायचं.

अटीत आणखी एक मेख आहे, वाद कोणत्या कोर्टात चालेल याची. तुमच्या तिकिटात परदेशातल्या एका शहराचं नाव आहे. ‘कार्निव्हल क्रूझ लाइन्स विरुद्ध शूट’ या 1991 च्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिकिटावर छापलेली अशी अट उचलून धरली होती. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या दांपत्याला त्यामुळे फ्लोरिडातच दाद मागावी लागणार होती. आपल्याकडचा ग्राहक संरक्षण कायदा, 2019 ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करू देतो, त्यामुळे ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखलच होणार नाही असं मी म्हणत नाही. पण जहाजाची चूकच दिसत नसेल तर परदेशी कंपनीला नोटीस बजावण्यात वर्ष घालवून मिळवायचं काय? जहाजाने बदललेली वेळ केबिनमधल्या दैनिक पत्रकात दिली होती, हे तुम्ही स्वतःच लिहिलं आहे.

आता टूर कंपनी. तुमची केस इथे आहे.

‘बंदरावर स्वतंत्र फिरणाऱ्याची जबाबदारी त्याची’ ही अट मी शब्दशः वाचली. तुमचं पाकीट मारलं गेलं, लोकल रद्द झाली, पाँपेईच्या दगडांवर पाय मुरगळला, तर ती अट कंपनीला वाचवेल, आणि वाचवायलाच हवं. पण तुमचं नुकसान स्वतंत्र फिरल्यामुळे झालेलं नाही. तुम्ही दिवसभर धक्क्याशेजारच्या बाकावर बसून राहिला असतात आणि त्या मेसेजवर विसंबून साडेसातला उठला असतात, तरी जहाज चुकलंच असतं. फिरण्याचा धोका तुमचा. जहाजाची वेळ बरोबर सांगणं मात्र त्यांचं काम, कारण त्याचेच पैसे त्यांनी घेतले आहेत. त्यांच्या जाहिरातीत ‘पूर्ण प्रवासात 24 तास मराठी टूर असिस्टंट’ असं ठळक छापलंय. आता उत्तरात ते म्हणतात की ग्रुपवरचा मेसेज ‘सौजन्य म्हणून’ होता. जे पैसे घेऊन विकलं त्याला सौजन्य म्हणता येत नाही. सेवेतली त्रुटी, ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम 2(11), ती हीच.

इथे वकिली बारकावा आहे, तो लक्षात ठेवा. ‘ही अटच अन्यायकारक आहे, रद्द करा’ अशी मागणी जिल्हा आयोगापुढे करू नका. अन्यायकारक कराराचा प्रश्न ठरवण्याचा अधिकार राज्य आयोग आणि राष्ट्रीय आयोगालाच आहे, त्यामुळे समोरचा वकील पहिल्याच तारखेला हरकत घेईल. तुमचं म्हणणं एवढंच हवं की अट आहे तशी राहू द्या, ती या प्रसंगाला लागू पडत नाही.

‘आम्ही फक्त एजंट’ हा बचाव ऐकायला भक्कम वाटतो. करार कायद्याच्या कलम 230 नुसार मालकाच्या वतीने केलेल्या कराराला एजंट एरवी स्वतः बांधलेला नसतोही. पण तुमच्या बिलाची शेवटून तिसरी ओळ बघा : टीसीएस. परदेशी सहलीचं पॅकेज जो विकतो, त्यालाच आयकर कायदा हा कर गोळा करायला लावतो. म्हणजे सरकारदरबारी या कंपनीने स्वतःला पॅकेजचा विक्रेता म्हणून दाखवलं आणि तुमच्या पॅनवर तशी नोंदही झाली. तुमच्या फॉर्म 26एएस मध्ये, म्हणजे तुमच्या नावावर जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात, ती दिसेल, उतरवून घ्या. करापुरते विक्रेते आणि तक्रारीपुरते एजंट, असं चालत नाही. शिवाय मेसेज जहाज कंपनीने टाकलेला नव्हता, यांच्याच माणसाने टाकला होता. स्वतःच्या चुकीसाठी कोणालाही एजंटपणाच्या आड लपता येत नाही.

एवढं वाचून हुरळून जाऊ नका. तुम्ही पाठवलेल्या फोटोंमध्ये सकाळी जहाजातून उतरतानाचा एक सेल्फी आहे. वडील मध्ये, टोपी घातलेले, हसताहेत. त्यांच्या उजव्या खांद्यामागे जहाजाच्या शिडीपाशी ठेवलेला फलक दिसतो, आणि फोटो मोठा करून पाहिला तर त्यावर ‘17:30’ स्वच्छ वाचता येतं. जहाजावर परत येण्याची ती शेवटची वेळ. तुम्ही हा फोटो त्याच वेळी टूरच्या ग्रुपवर टाकला होता, म्हणजे कंपनीकडे तो आहेच. डिलीट करायचा विचारही मनात आणू नका. आयोगासमोर गोष्ट दडवून गेलात आणि ती समोरून बाहेर आली, तर उरलेल्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास बसत नाही. तक्रारीत आपणच लिहा : फलक होता, केबिनमध्ये इंग्रजी पत्रकही होतं, आमचं लक्ष गेलं नाही, कारण सकाळीच आमच्या माणसाने मराठीत वेळ सांगितली होती. असं मोकळेपणाने मांडलं तर आयोग दोघांचीही चूक धरेल, आणि भरपाई त्या प्रमाणात कापली जाईल. माझ्या मते ते योग्यही ठरेल.

म्हणून 6,90,000 परत मागू नका. विमानाने गेलात, आलात, बाकीच्या रात्री जहाजावर राहिलात. झालेलं नुकसान मागा : हॉटेल, ट्रेन, टॅक्सी, त्या रात्री घ्यावे लागलेले कपडे, वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्या. आणि जहाजावरच्या वाया गेलेल्या एका रात्रीचे पैसे. ते काढताना विमानभाडं आधी वजा करा, नाहीतर तुमचं गणित पहिल्या मिनिटाला पाडतील. मानसिक त्रासाचे 5 लाख हा आकडा काढून टाका. मेसिनाला जाताना अख्खी ट्रेन डबे सुटे करून बोटीत चढवतात आणि सामुद्रधुनी ओलांडतात, ते पाहून ‘बाबा म्हणाले, सगळ्या टूरमध्ये हेच भारी होतं’ असं तुम्हीच पत्रात लिहिलंय. बाबांना शपथेवर उलटतपासणीला सामोरं जावं लागलं तर ते खरंच सांगतील, असं पत्रावरून वाटतं. त्रासापोटी 25,000 आणि तक्रारीचा खर्च, एवढं मागा.

विम्याचं थोडक्यात. तुमच्या पॉलिसीतलं ‘मिस्ड कनेक्शन’चं कलम विमान उशिरा आल्यामुळे पुढचं विमान चुकलं तर लागू होतं. प्रवासी वेळ चुकला तर नाही. पॉलिसीचा हा मजकूर पाहता त्यांनी दावा नाकारला यात मला चूक दिसत नाही. तरीही समाधान हवं असेल तर आधी विमा कंपनीच्या तक्रार कक्षाला लिहा आणि तिथे दाद लागली नाही तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. तिथे फी लागत नाही. मी मात्र त्यात वेळ घालवणार नाही.

तिजोरीबद्दल तुम्ही फारच रागावलेले दिसता. प्रवासी चुकला तर सुरक्षा अधिकाऱ्यांनी केबिनमधली तिजोरी उघडून पासपोर्ट काढायचे आणि ते बंदरातल्या एजंटकडे द्यायचे, ही क्रूझवरची रूढ पद्धत आहे. ते पासपोर्ट मिळाले नसते तर काय झालं असतं याचा विचार करा. इटलीत हॉटेलवाल्याला प्रत्येक पाहुण्याची ओळख पोलिसांना कळवावी लागते. पासपोर्टशिवाय त्या रात्री तुम्हाला खोली मिळायची मारामार झाली असती. तिजोरीतलं काही गहाळ झालं असतं तर गोष्ट वेगळी. तुमचे दागिने, रोकड जागच्या जागी होती असं तुम्हीच म्हणता, तेव्हा हा मुद्दा तक्रारीत आणू नका. तो आणलात तर तुम्ही सगळ्यांवरच खार खाऊन आहात असं चित्र उभं राहील.

व्हिसाची काळजी सोडा. तुमचा व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा होता आणि मुदतीत होता. स्पेन, फ्रान्स, इटली, माल्टा हे चारही देश शेंगेनमध्ये येतात. जहाजावर झोपलात की नेपल्सच्या हॉटेलात, त्या हिशोबाने फरक पडत नाही. मार्गात शेंगेनबाहेरचं तुर्कस्तान किंवा माँटेनेग्रो असतं आणि एकदाच प्रवेशाचा व्हिसा असता, तर मात्र हेच प्रकरण गळ्याशी आलं असतं. पुढच्या वेळी अशी क्रूझ घेतलीत तर व्हिसावर प्रवेश किती वेळा लिहिलाय ते निघण्याआधी बघा.

आता कामाला लागा. टूर कंपनीला स्पीड पोस्टने नोटीस पाठवा, 15 दिवस द्या. मेसेजचा स्क्रीनशॉट, जाहिरात, कार्यक्रमपत्रिका, बिल सोबत जोडा. अशा नोटिशीनंतर पुष्कळ कंपन्या बसून बोलायला तयार होतात, कारण ग्रुपवरचा मेसेज त्यांनाही नाकारता येत नाही. निम्मी-पाऊण रक्कम देऊ केली तर घ्या. नाहीच जमलं तर ठाणे जिल्हा आयोगात तक्रार करा. ‘ई-जागृती’ पोर्टलवरून ती घरबसल्या दाखल होते. तुम्ही भरलेली रक्कम 5 ते 10 लाखांच्या टप्प्यात असल्याने फी 200 रुपये. वकील लावायलाच हवा असं नाही. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे, म्हणजे घाई नाही, पण विसरूही नका. व्हॉट्सॲपवरचा पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडलेलं बरं. ग्राहक आयोग त्याबाबत कोर्टाइतके काटेकोर नसतात, पण हरकतीला जागा कशाला ठेवायची? त्यासाठी मूळ फोनवरचं चॅट जसंच्या तसं राहायला हवं. फोन बदलणार असाल तर जुना विकू नका, आणि कितीही संताप आला तरी तो ग्रुप सोडू नका.

आणि नेपल्सच्या औषधाच्या दुकानातली पावती थर्मल कागदावरची आहे. तुम्ही पाठवलेल्या स्कॅनमध्येच तिची तारीख पुसट झालीय. आज संध्याकाळीच तिची आणि टॅक्सीच्या पावतीची झेरॉक्स काढून ठेवा.