युरोपातल्या जुन्या शहरांतली ‘पॅट्रिशियन’ घराणी, म्हणजे शहराचा कारभार पिढ्यान्‌पिढ्या हातात असलेली घराणी, मूळची सरदार घराणीच का? आज ती कुठे आहेत?

नाही. निदान दक्षिण जर्मनीत तरी त्यातली बरीचशी व्यापारी होती, आणि ज्याचं नाव सगळे घेतात ते फुगर घराणं तर विणकराचं. मी इचलकरंजीचा, घरात तीन पिढ्यांचे माग, आणि नऊ वर्षं ऑग्सबुर्गमध्ये नोकरीला आहे. म्हणून राहवलं नाही.

हान्स फुगर १३६७ साली ग्राबेन नावाच्या खेड्यातून ऑग्सबुर्गला आला. त्याचा नातू याकोब. १५१९ला पाचव्या कार्लला सम्राट म्हणून निवडून आणायला साडेआठ लाख गुल्डेन (तेव्हाची सोन्याची नाणी) लागले, त्यातले ५ लाख ४३ हजार एकट्या याकोबचे.

आबा इथे आले तेव्हा त्यांना फुगराइ दाखवायला नेलं. याकोबनं गरिबांसाठी बांधलेली ही वस्ती अजून नांदती आहे. वर्षाचं भाडं ८८ सेंट, शिवाय रोज तीन वेळा प्रार्थना. आबांनी भाड्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. विचारलं, “हा हान्स विणायचा काय?”

“बार्खेंट. ताणा लिननचा, बाणा कापसाचा.”

“कापूस इथं होतो?”

“नाही. व्हेनिसवरून यायचा.”

आबा बाकावर बसले. “मग कापूस ज्याच्या हातात, तो मोठा झाला असणार. नुसता माग चालवून कोण मोठं झालंय?”

आबा जन्मभर खर्चीवाले. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, आमची फक्त मजुरी. मला जे समजायला पुस्तकं लागली ते त्यांना दोन प्रश्नांत कळलं. फुगरांचं तसंच झालं: आधी कापूस आणि कापडाचा व्यापार, मग राजांना कर्जं, आणि त्या कर्जांपोटी तिरोलच्या खाणींतली चांदी.

पण पैसा आला म्हणजे कोणी पॅट्रिशियन होत नसे. सम्राटानं याकोबला १५१४ला काउंट केलं, तरी त्याच्याच शहरातल्या पॅट्रिशियनांनी फुगरांना आपल्यात घेतलं ते १५३८ला, जुनी घराणी घटली तेव्हा. याकोबला जाऊन तेरा वर्षं झाली होती. न्युर्नबर्गमध्ये तर नगरभवनातल्या नाचाला कुठल्या घराण्यांना बोलवायचं याची यादीच १५२१ला नगरपरिषदेनं ठरवून टाकली. त्या यादीतले इमहोफ केशराचे व्यापारी.

इथल्या एका गणपतीत एका गृहस्थांनी चाळीस माणसांसमोर सांगितलं की पॅट्रिशियन म्हणजे रक्तानंच सरदार, विणकराची गोष्ट दंतकथा आहे. शेजारी आबा बसले होते आणि मी गप्प राहिलो. ते अजून सलतं. दंतकथा नाही हो! ऑग्सबुर्गच्या १३६७च्या करवहीत ‘फुकर आला’ अशी नोंद आहे. तुम्हाला अभ्यास करायचा असेल तर वंशावळी आणि घराण्यांची चिन्हं असलेल्या ढाली बाजूला ठेवा, करवह्या उघडा.

हान्स अगदी रिकाम्या हातानं आला नव्हता, हेही सांगायला हवं. आणि व्हेनिसला माझं म्हणणं लावू नका. तिथे १२९७लाच महापरिषदेची, म्हणजे शहराच्या राज्यकारभाराच्या सभेची, दारं ठरावीक घराण्यांपुरती बंद होत गेली, पुढे जन्मावरच सगळं ठरू लागलं.

आज? न्युर्नबर्गच्या घराण्यांची सत्ता १८०६ला शहर बव्हेरियात गेलं तेव्हा संपली. फुगरांचे वंशज मात्र फुगराइचा न्यास अजून सांभाळतात. गोव्याकडच्या वाचकांसाठी एक: १५०५ला पोर्तुगीज आल्मेडाचं आरमार लिस्बनहून हिंदुस्थानकडे निघालं, त्यात फुगर आणि वेल्झर या दोन्ही ऑग्सबुर्गी घराण्यांचा पैसा होता. मिरीसाठी.